मातीवरची बाग आणि स्लॅबवरची बाग

रविवारी आमच्या सोसायटीची री-डेव्हलपमेंटची सभा आहे. त्याआधी मनात साठलेलं लिहून टाकते. पोस्ट लांबली आहे, पण सभेला येणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो. चार मजली तीन इमारती, ४८ फ्लॅट, लिफ्ट नाही. १९८७ साली पहिले सभासद राहायला आले तेव्हा आवारात एका कडुनिंबाशिवाय काही नव्हतं, असं तळमजल्यावरच्या आजी सांगतात. बाकीचं सगळं माणसांनी लावलं. कुणी गावाहून आंब्याचं रोप आणलं, कुणी नातीच्या बारशाला बहावा लावला. आज ३१ मोठी झाडं आहेत. टेप घेऊन खोडांचा घेर मोजत मीच ती मोजली. एप्रिलमधल्या दुपारी रस्त्यावरून फाटकाच्या आत पाऊल टाकलं की अंगाला फरक कळतो. रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून पाच मिनिटं आमच्या फाटकापाशी थांबतात ते उगाच नाही.

गेल्या आठवड्यात बिल्डरच्या माणसांनी प्रेझेंटेशन दिलं. पोडियमवर हिरवळ, ओळीत लावलेले पाम, कारंजं. चित्रं सुंदर होती. मी एकच विचारलं, या हिरवळीच्या खाली काय आहे? खाली पार्किंगचे दोन मजले, एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत. म्हणजे बागेला मिळणार स्लॅबवरची तीन-चार फूट माती.

ती बाग नाही, मोठी कुंडी आहे. तिच्यात कडुनिंब कडुनिंबासारखा वाढणार नाही. हिरवळीला उन्हाळाभर पाणी घालावं लागणार. आणि पडलेला पाऊस खाली जमिनीत न जाता पाइपातून थेट गटारात जाणार. ‘ग्रीन’ हा शब्द माहितीपत्रकावर छापण्याआधी आपल्या आवारात उघडी माती किती उरते, एवढं तरी बघायला हवं.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. दहा वर्षांपूर्वी आपणच आवारभर पेव्हर ब्लॉक बसवले होते. पावसाळ्यात चिखल होतो, गाड्या घसरतात, ही तक्रार खरी होती आणि मीही बाजूने मत दिलं होतं. ब्लॉक थेट खोडांना भिडवले. पुढच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मे महिन्यापर्यंत पुरणारी बोअर मार्चमध्येच आटली. दोन वर्षांत मागच्या बाजूचा करंज उभ्याउभ्या वाळला. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आम्हाला ते करंज गेल्यावर सुचलं.

मग प्रत्येक झाडाभोवतीचे ब्लॉक उचलून मोठी आळी केली. दोन शोषखड्डे खणले आणि तिन्ही गच्च्यांचे पाइप त्यांत सोडले. हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. आपल्या तिन्ही गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर आहेत, म्हणजे सव्वासहा लाख लिटर. थोडं वाया जातं असं धरलं, तरी दहा हजार लिटरचे पन्नास टँकर होतात. बोअर आता पुन्हा मेपर्यंत टिकते.

पालापाचोळ्याचंही तसंच. आधी तो गोण्या भरभरून बाहेर जायचा आणि बागेसाठी खत विकत यायचं. माळीकाका एकदा म्हणाले, “ताई, आपलं सोनं आपण कचऱ्यात घालतोय.” त्या वर्षी दोन हौद बांधले. ४८ घरांचा ओला कचरा आणि आवारातला पाचोळा त्यातच जिरतो. सुका कचरा तेवढा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई नेतात. खतनिर्मिती आणि पाऊसपाणी साठवण, या दोन्हींमुळे महापालिकेकडून मिळकतकरात १० टक्के सूट मिळते. पण ती नसती, तरी हे करायलाच हवं होतं.

आणि तो पांगारा. त्याची एक वाळकी फांदी कापायचं कमिटीने ठरवलं होतं. तिच्यात तांबट पक्ष्याने भोक पाडलंय हे पहिल्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीने पाहिलं. वाळक्या, मऊ लाकडातच तो घर कोरतो. फांदी राहिली. सध्या पांगारा लाल फुलांनी भरलाय, आणि सकाळी साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची तिथे नुसती झुंबड असते. पोडियमवरच्या पामवर हे कुणी येणार नाही.

मी री-डेव्हलपमेंटच्या विरोधात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना गुडघ्यांमुळे खाली यायला अर्धा तास लागतो. बाथरूमचे स्लॅब गळतात. लिफ्ट हवी, मजबूत घर हवं. मी होकारच देणार आहे. फक्त पूर्वेच्या भिंतीलगतचा, ११ झाडं असलेला पट्टा सोडा. त्याच्याखाली बेसमेंट नेऊ नका. आर्किटेक्टच्या म्हणण्याप्रमाणे त्यात १४ गाड्यांची जागा जाते. ती एकावर एक पार्किंग करून भरून काढता येईल.

कायदा काय म्हणतो तेही बघा. राज्याच्या झाडं जतन करण्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावावी लागतात, आणि पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज ठरतं. आपला कडुनिंब त्यात नक्की बसेल. पस्तीस वर्षांच्या आंब्याबदली पस्तीस रोपं लावायला आपल्या प्लॉटवर जागा कुठे उरणार? ती लागणार शहराबाहेर कुठेतरी. त्यांची सावली आजींच्या खिडकीवर पडणार नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता माळीकाका आणि मी त्या पट्ट्याभोवती चुन्याची रेघ मारणार आहोत, म्हणजे नेमकी किती जागा मागतोय ते सगळ्यांना दिसेल. जमेल त्यांनी या. मुलांनाही आणा. फक्त पांगाऱ्याखाली फार वेळ थांबू नका, तांबटाची पिल्लं आहेत.