म्हणे तीन दिवस कोंडा, दारू सुटते!

मागच्या आठवड्यात मोठ्या आईचा फोन आला. "बाबू, त्याले खोलीत टाकून कुलूप लावू का? मोबाईलवर आलं हाये, तीन दिवसात सुटते म्हणते." त्याले म्हणजे माझ्या चुलतभावाला. सकाळी तोंड धुवायच्या आधी ज्याला पव्वा लागतो, तो. मी म्हटलं मोठी आई, कुलपाला हात लावू नको, आधी तो मेसेज मले पाठव.

मेसेज काही नवा नव्हता, आमच्या गावच्या ग्रुपवर पडून होता, बचत गटाच्या बायांच्या ग्रुपवर होता, बहिणीच्या सासरीही पोचला होता. थोडक्यात असा: नशामुक्तीच्या नावाखाली सरकारी लूट चालू आहे, दरेक ग्रामपंचायतीला 10 लाख येतात आणि सरपंच अन् संस्थावाले वाटून खातात. दारू हा आजार नाही, सवय आहे, तीन दिवस कोंडून ठेवा. नाहीतर खालच्या नंबरवरून पावडर मागवा, चहात टाका, पेशंटला कळणारही नाही. खर्रा-तंबाखू तर नशाच नाही, त्याच्यावर पैसा कायले. आणि सरकारला खरंच काही करायचं असेल तर दारूबंदी करावी, बाकी सगळं नाटक. शेवटी लिहिलंय "जनहितार्थ". अन् त्याच्याच खाली पावडरवाल्याचा नंबर!

पैशाचं नंतर बोलू, आधी ते कोंडणं, कारण त्यात माणूस मरतो.

रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला इतकं सरावलेलं असतं की ती एकदम बंद झाली की मेंदू उसळतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसात कधीही फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम व्हायला लागतो, डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. म्हणजे मेसेजवाल्यानं जे तीन दिवस कुलूप लावायला सांगितलेत ना, नेमके तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. आमच्या गल्लीत एकाला असंच घरच्यांनी कोंडलं होतं, मेसेज यायच्या किती आधीची गोष्ट ही. तिसऱ्या रात्री तो पांघरुणावरच्या मुंग्या एकेक करून वेचत होता, मुंगी एकही नव्हती. घरचे म्हणाले बाहेरचं लागलं, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. पहाटे फिट आली, जीभ चावली गेली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. लोक अजूनही म्हणतात की दारूनं मेला.

याच्यावर उपचार आहे आणि तो काही जादूचा नाही. डॉक्टरच्या देखरेखीत काही दिवस कमी कमी करत जाणाऱ्या गोळ्या, बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन (तेही ग्लुकोजच्या आधी, नुसती सलाईन लावून घरी पाठवणाऱ्यांनी हे जरा वाचावं), आणि रात्री नाडी-बीपी पाहायला जागं असणारी सिस्टर. आता हे फुकटात होते का? डॉक्टरचा पगार, गोळ्या, खाट, रात्रपाळी, आणि घरी गेल्यावर महिनोमहिने "काय भाऊ, कसं हाये" म्हणून विचारणारा समुपदेशक. ज्याला हा मेसेजवाला लूट म्हणतो तो पैसा याच्यासाठीच असतो.

पावडरचं थोडक्यात सांगतो. दारू नकोशी करणारं डायसल्फिरॅम नावाचं औषध खरंच आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं. कारण ते पोटात असताना दारू प्याली की तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, बीपी घसरतं, क्वचित जीवावरही बेतते. गोळी बंद केली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही की चहात काय टाकलंय, तो संध्याकाळी भट्टीवर जाणारच ना! आणि फोनवरून येणाऱ्या त्या पुडीत काय असते हे तर विकणाराही सांगत नाही.

आता ते 10 लाख. गावागावाला वाटायचा असा काही फंड नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नशेची मागणी कमी करण्याची राष्ट्रीय कृती योजना आहे, 2018 पासूनची. त्यातून अर्ज करणाऱ्या संस्थांना व्यसनमुक्ती केंद्र चालवायला अनुदान मिळते, 15 खाटांचं, 30 खाटांचं असं, आणि किती डॉक्टर, किती समुपदेशक, किती नर्स हे आधीच ठरलेलं असते. ग्रामपंचायतीच्या खात्यात आपोआप काही पडत नाही, सरपंचाला शिव्या द्यायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.

बरं, एक मान्य करतो, मन मारून. 15 ऑगस्ट 2020 ला नशामुक्त भारत अभियान 272 जिल्ह्यांत सुरू झालं, आणि त्याच्या नावावर आपल्याकडे जे दिसते ते बहुतेक वेळा रॅली, शपथ आणि बॅनरपुढचा फोटो. शाळेच्या पोरांना उन्हात चालवून कोणाच्या बापाची दारू सुटली? अनुदान उशिरा येते, बोर्ड लावून कुलूप असलेलं केंद्रही मी पाह्यलं आहे. तिथे चोरी होत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ग्रामसभेत विचारा. पण चोरी होते म्हणून पैसाच नको, हे काय लॉजिक आहे बाप्पा? रेशनमध्ये चोरी होते म्हणून रेशन बंद करा म्हणता का?

आणि पैसा जास्त जातोय की कमी, हे पाहायचं असेल तर 2019 चा एम्सचा अहवाल पाहा. सरकारनंच करून घेतलेला देशभराचा सर्व्हे, दोन लाखांवर घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. त्यात निघालं की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाला, आणि भरती होऊन उपचार 180 मागे एकाला. बाकीचे कुठे गेले? घरी, बाबाकडे, नाहीतर कुलपाआड.

खर्ऱ्याबद्दल एवढंच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून जो दिवसभर गालात धरता, त्यानं तोंडाची कातडी आतून आखडते. आरशापुढे उभं राहून तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर मेसेज नंतर फॉरवर्ड करा, आधी दातांच्या डॉक्टरकडे जा.

राह्यली दारूबंदी. ती मागणाऱ्या बायांबद्दल मला आदरच आहे, मार त्यांनी खाल्लेला असतो. आणि एकीकडे दारूच्या करातून हजारो कोटी घ्यायचे, दुसरीकडे व्यसनमुक्तीचे बॅनर लावायचे, हा दुटप्पीपणा आहेच, तिथे मेसेजवाला खोटं बोलत नाही. पण बंदी केली की बाकी कशाची गरज नाही, हे मात्र विदर्भातल्या माणसानं तरी बोलू नये. चंद्रपुरात 2015 ला बंदी झाली, 2021 ला उठली. गडचिरोलीत लोकांनी लढून 1993 मध्ये बंदी आणली, आणि ती अजून आहे. तरी त्याच जिल्ह्यात 2016 ला मुक्तिपथ हे दारू-तंबाखू सोडवायचं अभियान सुरू करावं लागलं, सरकार, डॉ. बंग यांची सर्च ही संस्था आणि टाटा ट्रस्ट असे तिघं मिळून. गावोगावी संघटना, बायांनी पकडलेल्या भट्ट्या, आणि सोबत तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक. दुकानाचं शटर पाडलं तरी ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याचे थरथरतच राहतात, त्याला मोहाची कुठे मिळते ते माहीत असते. त्या क्लिनिकला पैसा लागतोच.

भावाला आम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपर काढून मनोविकारच्या ओपीडीत दाखवलं, भरती करून घेतलं. सुटेल का कायमची, ते आता कोणीच सांगू शकत नाही, पहिल्या झटक्यात फार कमी लोकांची सुटते.

मेसेज ज्यांनी पुढे ढकलला त्यांना एकच विनंती, त्या पावडरवाल्याचा नंबर डिलीट करा आणि त्या जागी 14446 टाका. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाईन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.