मेनोनाइट लोक, पियानो आणि आईला आलेला मेसेज

काल रात्री साडेअकराला आईचा फोन. "अगं, तिला तिथे पाठवू नका. ते लोक वाद्याला पाप म्हणतात." माझी भाची पियानो शिकायला अमेरिकेत, इंडियानातल्या गोशेन कॉलेजात निघाली आहे. कॉलेज मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं. घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज म्हणतो: हे लोक वीज-गाडी वापरत नाहीत, वाद्य त्यांच्यात निषिद्ध, पियानोचा प्राध्यापक तिथे नावापुरता, आणि मुलींना बाटवतात. आई रात्रभर जागी होती.

वीज-गाडीचं आधी उरकते. ते वर्णन आमिश लोकांचं, आणि तो गट 1693 मध्येच मेनोनाइटांपासून वेगळा निघाला. घोडागाडी वापरणारे जुन्या वळणाचे काही मेनोनाइट आजही आहेत, पण हे कॉलेज चालवणारे ते नव्हेत.

आता 'वाद्य पाप'. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पसरतं. स्विस परंपरेतल्या बऱ्याच मेनोनाइट चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रार्थनेला वाद्य नसे. मान्य. पण सगळीकडे तसं नव्हतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या मेनोनाइट चर्चमध्ये 1765 मध्येच ऑर्गन बसला होता. आणि जिथे वाद्य नव्हतं तिथे काय घडलं, हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहायलाच हवं होतं. साथीला काही नाही म्हटल्यावर सूर माणसांनीच धरायचा. व्हर्जिनियात जोसेफ फंक या मेनोनाइट गृहस्थांनी 1832 मध्ये गाण्यांचं पुस्तक छापलं. त्यात स्वरांच्या खुणांना वेगवेगळे आकार होते, म्हणजे शेतात राबणाऱ्यालाही बघून गाता यावं. पुढे चार आवाजांत गाणं ही या लोकांची ओळखच झाली: वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर आणि सगळ्यांत खालचा बास, आणि गाणारे कोण, तर बाकांवर बसलेली साधी माणसं. आईच्या भजनी मंडळात पेटी पाच मिनिटं थांबली तर काय होतं ते तिला ठाऊक आहे! वडिलांच्या शेजारी बसून बास ऐकत वाढलेलं मूल पियानोपाशी येतं तेव्हा खालचे सूर वाजवणारा त्याचा डावा हात काय करतोय हे त्याच्या कानाला आधीच कळत असतं.

'नावापुरता प्राध्यापक' म्हणे. मेरी ओयर यांनी गोशेनमध्ये 1945 ते 1987 शिकवलं. वाद्य सेलो, मिशिगन विद्यापीठाची संगीतातली डॉक्टरेट. 1969 च्या मेनोनाइट भजनसंग्रहाच्या कामात त्या पुढे होत्या, आफ्रिकेत जाऊन तिथलं संगीत शिकल्या आणि 2024 च्या जानेवारीत, वयाची शंभरी ओलांडून वारल्या. नुसता पियानोच हवा असेल तर मार्विन ब्लिकेनस्टाफ घ्या: पियानो कसा शिकवावा या विषयात अमेरिकेत मानाने घेतलं जाणारं नाव. त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात शिकवलं आणि गोशेनलाही. 2002 मध्ये तर कॉलेजने संगीतासाठी स्वतंत्र इमारत उभी केली, मैफलीच्या सभागृहासकट. पाप मानणारे लोक पापासाठी सभागृह बांधतात का?

राहिलं बाटवणं, आणि इथे मला खरा संताप येतो. कॉलेज ख्रिस्ती आहे, ते लपवत नाही. पण या पंथाचा जन्मच सक्तीच्या बाप्तिस्म्याविरुद्धचा (म्हणजे ख्रिस्ती करून घेण्याच्या विधीच्या सक्तीविरुद्धचा) आहे. 1525 मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला नव्हे, समजून-उमजून स्वतः मागणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यायचा. त्यापायी त्यांच्यातल्याच फेलिक्स मांझ यांना जानेवारी 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. ज्यांच्या पूर्वजांनी 'मनाविरुद्ध नको' यासाठी जीव दिला, त्यांच्यावर नेमका हाच आरोप!

भाचीचं विमान पुढच्या महिन्यात आहे. ग्रुपवर हा मेसेज टाकणाऱ्या मामांनी आज दुपारी स्वतः आईला फोन करून हे सगळं सांगावं. माझ्याकडून ऐकून तिला झोप लागणार नाही.