फेलोशिप कधी येते?

मुंबईत डिपार्टमेंटला संशोधन करत असताना शनिवारची दुपार टिप्स भरण्यात जायची. टिप्स म्हणजे थेंब मोजून उचलणाऱ्या पिपेटच्या टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या, एका डब्यात ९६. हातमोजे घालून एकेक खोचायची, डबे फॉइलमध्ये गुंडाळून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, लावायचे. चौघी-पाचजणी बसलो की कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचे गाइड कुणावर भडकले, सगळं तिथेच निघायचं. इथे जर्मनीत, हायडेलबर्गच्या लॅबमध्ये, डबे भरून, निर्जंतुक होऊन येतात. पहिल्या आठवड्यात एक रिकामा डबा मी जपून बाजूला ठेवला, तर टेक्निशियन बाईंनी माझ्यादेखत तो कचऱ्यात टाकला. पोटात कालवलं.

हे आठवलं ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. परवा काकांनी लिहिलं, ‘शिकायचं सरकारी पैशावर आणि शोध लावायचे जर्मनांसाठी.’ खाली कमला सोहोनींचा फोटो. त्या १९३९ साली केंब्रिजची पीएचडी घेऊन परत आल्या, पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवली, नीरेवर काम केलं; मग तुम्हालाच काय धाड भरलीय? (बेंगळुरूला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी त्यांना प्रवेश नाकारला होता, हे काकांच्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.) मावसभावाने लगेच उलट टोक गाठलं : ‘ताई, येऊ नकोस, इथे सडशील.’ मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे या विषयावर भांडण होतं ते आकड्यावरून. मी लागले तेव्हा जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना सुरुवातीला मिळणारी सरकारी फेलोशिप, महिन्याला २५,००० होती. २०१९ पासून ३१,००० झाली, २०२३ पासून ३७,०००. दोन्ही वेळा मुलांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. आकडा महत्त्वाचा आहेच, मुंबईत भाडं भरणाऱ्याला विचारा. पण माझी पहिली फेलोशिप हातात पडली सातव्या महिन्यात, सगळी एकदम. मी डोंबिवलीला आईच्या हातचं जेवत होते म्हणून निभावलं. माझ्या शेजारच्या बेंचवरची परभणीची मुलगी भावाकडून उसने घेऊन मेसचे पैसे भरायची आणि दर सोमवारी ऑफिसात जाऊन ‘आलं का?’ विचारायची. तिच्यासाठी तेव्हा पंचवीस हजार काय नि सदतीस काय.

प्रयोगाला लागणाऱ्या एन्झाइमचंही तेच, कधी हातात पडेल याचा भरवसा नाही. एकदा आमचं लायगेजचं (डीएनएचे तुकडे जोडणारं एन्झाइम) पार्सल कस्टम्समध्ये अडकलं, मध्ये जोडून सुट्ट्या आल्या. ड्राय आइस वितळत नाही, नुसता उडून जातो, त्यामुळे खोका कोरडा ठणठणीत. आत हात घातला तर जेल पॅक मऊ पडलेले. उणे वीसला ठेवायची ती ट्यूब खोलीइतकीच गरम. गाइड म्हणाले, वापरून बघ. बघितलं, तीन आठवडे. इथे दुपारी मागवलेलं एन्झाइम बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असतं, म्हणून मी बिनधास्त चुकते. मुंबईतला माझा मित्र प्रयोगाआधी चार दिवस कागदावर घालवतो, त्याचे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी सोबत लावायचे नमुने, माझ्यापेक्षा चोख असतात. त्याला ‘जुगाडू’ म्हणून शाबासकी देणाऱ्यांचा मला राग येतो. चार दिवसांत त्याने दुसरं काही केलं असतं.

जर्मनीत पीएचडी ही नोकरी असते. आमच्या विषयात बऱ्याचदा ६५ टक्क्यांची जागा, म्हणजे पगारही तेवढाच, पण करार असतो, पेन्शनची कपात होते आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगार जमा होतो. मात्र करार संपण्याची तारीखही तितकीच पक्की. संशोधकांच्या मुदतीच्या नोकऱ्यांना कायद्याने ढोबळमानाने पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर सहा. हा कायदा समजावायला सरकारने ‘हॅना’ नावाच्या बायॉलॉजिस्टचं कार्टून केलं, त्यावरून २०२१ मध्ये ‘मीच हॅना’ म्हणत इथले संशोधक खवळून उठले होते. मीही हॅनाच. माझ्या करारावर पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर लिहिलाय आणि इथल्या प्रोफेसरांची सहानुभूती त्यापुढे एक दिवसही सरकत नाही.

परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, तिचा अर्ज मी भरणार आहे. काकांना हे अजून सांगितलेलं नाही, ते फॉरवर्ड करतील. मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ‘ये की. पैसे जमा कधी होतील ते मात्र विचारू नकोस.’ मग थोडं थांबून : ‘आणि ऐक, ते टिप्सचे रिकामे डबे टाकू नका. येताना बॅगेत मावतील तेवढे घेऊन ये.’