सर्व्हिसिंगचा खर्च कुठाय?

‘दरमहा 2000 बाजूला टाका, वर्षाला चार-पाच जुन्या एचएमटी जमतील’ हा जुनी घड्याळं जमवण्यावरच्या लेखातला हिशेब अर्धाच आहे. चावीच्या घड्याळातलं तेल काही वर्षांत सुकतं. घड्याळ टिकटिकत राहतं खरं, पण कोरडे पिव्होट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) झिजतात आणि मग चाकच बदलावं लागतं. खरेदीच्या निम्मी रक्कम मशीन उघडून, धुऊन, तेल घालण्यासाठी वेगळी ठेवाच.

इंदूरला राजवाड्याच्या आसपास ‘एकदम नवीकोरी’ जनता (एचएमटीचं चावीचं मॉडेल) दाखवली, तर आधी डायलवर भिंग धरा. अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा कमीजास्त, म्हणजे डायल मागाहून रंगवलेली. भाव पाडून मागा. सुट्या भागांसाठी त्याच मशीनचं एखादं बंद घड्याळ स्वस्तात उचलून ठेवा. आणि क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं घड्याळ, पेटीत ठेवताना सेल काढा हो, गळला की सर्किट खातो.