महिन्याचा अहवाल आणि रोजचा क्लोरीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबलंय. ‘वितरणाच्या शेवटच्या नळाला रोज क्लोरीन मोजा’ या माझ्या लेखातल्या आग्रहावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: प्रयोगशाळा दर महिन्याला ‘पिण्यायोग्य’ म्हणतेय तर ही रोजची उठाठेव कशाला? शेवटपर्यंत क्लोरीन पोचत नसेल तर टाकीत मात्रा दुप्पट करा. क्लोरीनमुळे कर्करोग होतो, हे लेखात टाळलंय. आणि टाकीजवळच्या नळाला उग्र वास असूनही क्लोरीन मोजायच्या किटमध्ये रंगच आला नाही, मग असल्या किटवर भरवसा का ठेवायचा?

आधी अहवालाचं बघू. जंतुतपासणीच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं. ते नमुन्यातला क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करतं, नाहीतर वाटेत जंतू मरून निकाल उगाच चांगला यायचा. बाटली थंड ठेवून शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. पुढे तिथे २४ ते ४८ तास जातात. निकाल हाती येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन टाकलेलं असतं. शिवाय ‘१०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) शून्य’ हा निकाल त्या नळाचा आणि त्या घटकेचा. महिन्यातल्या बाकीच्या दिवसांबद्दल तो काहीच सांगत नाही.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावी मे २००० मध्ये जोरदार पावसाने शेणखताची घाण ५ क्रमांकाच्या विहिरीत उतरली. १५ मेला नमुने घेतले गेले, १७ मेला ते दूषित असल्याचं कळलं आणि पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाने ते दडवलं. पाणी उकळून प्या, ही सूचना निघाली २१ मेला. ७ माणसं दगावली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. चौकशीत निघालं की नोंदवहीतले क्लोरीनचे ०.५, ०.७५ असे आकडे न मोजताच लिहिले जात. घाणीने क्लोरीन खाल्ला होता, रोज खरोखर मोजलं असतं तर तो उतरलेला तेव्हाच दिसला असता. या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर साथ टळली असती, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष आहे. महिनाभर एकच आकडा असलेली नोंदवही दिसली की मला तरी आधी मोजणाऱ्याचीच शंका येते.

आता मात्रा दुप्पट करण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ३० मिनिटांच्या संपर्कानंतर, पीएच ८ च्या आत असताना, मुक्त क्लोरीन (कशाशी न जुळलेला, जंतू मारायला मोकळा) लिटरला किमान ०.५ मिलीग्रॅम आणि नळाशी किमान ०.२ उरायला हवा. समजा, टाकीतून ०.८ निघतो आणि टोकाला ०.१ येतो. मधला गेला कुठे? टाकीपासून सुरुवात करून प्रत्येक फाट्यावर मोजत जा. हळूहळू उतरत गेला तर पाणी वाहिनीत फार वेळ राहतंय किंवा जुना गंजका लोखंडी पाइप तो खातोय. बंद टोक असेल तर वॉशआउट (वाहिनी धुवायचा व्हॉल्व्ह) उघडून पाणी स्वच्छ होईपर्यंत आणि क्लोरीन परत दिसेपर्यंत सोडून द्या. पण दोन फाट्यांमध्ये तो एकदम पडला तर तिथे बाहेरून काहीतरी आत येतंय असं धरून चाला. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि जी गळती बाहेर वाहत होती तीच शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढते. अशा वेळी तुमची दुप्पट मात्रा आकडा छान दाखवेल, गटार मात्र येतच राहील.

बऱ्याचदा घोळ पावडरमध्येच असतो. १ लाख लिटरला, लिटरमागे २ मिलीग्रॅमच्या हिशोबाने, २०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे हे साधारण ६०० ग्रॅम. तीच पावडर दमट खोलीत, तोंड उघडं राहून २० टक्क्यांवर आली तर १ किलो लागेल. ६०० ग्रॅमच टाकत राहिलात तर मात्रा १.२ वर येते आणि वहीत मात्र २ लिहिलेले असतात. पावडर थेट टाकीत ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत आधी घट्ट कालवा, मग पाणी वाढवून ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरची निवळी सोडा. खालचा चुना डोसरची (क्लोरीनची मात्रा सोडणाऱ्या यंत्राची) नळी चोंदवतो.

कर्करोगाचा मुद्दा वाजवी आहे. क्लोरीन आणि पाण्यातला कुजका सेंद्रिय अंश यांच्यातून ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं बनतात आणि त्यांना मर्यादा ठरलेल्या आहेत. पण उपाय क्लोरीनच्या आधी आहे: तुरटीने गाळ नीट बसवा, गाळणीनंतरचा गढूळपणा १ एनटीयूखाली (हे गढूळपणा मोजायचं एकक) आणा आणि क्लोरीन गाळणीनंतर सोडा. त्यासाठी निर्जंतुकीकरण ढिलं करू नये, हे आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही गाळणीतच अडवावा लागतो.

राहिला किट. डीपीडीची (क्लोरीन असला की गुलाबी होणाऱ्या रसायनाची) १ नंबरची गोळी टाकताच क्षणभर गुलाबी रंग येऊन गेला का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्लोरीन फार जास्त, साधारण १० मिलीग्रॅमच्या पुढे असला तर तो हा रंगच उडवतो आणि किट शून्य दाखवतो. नमुन्याचं १ मिलिलिटर पाणी ऊर्ध्वपातित पाण्याने १० मिलिलिटर करा, पुन्हा गोळी टाका, मिनिटाच्या आत वाचा आणि आकड्याला १० ने गुणा. तरीही रंग नाही आला तर त्याच नळीत डीपीडीची ३ नंबरची गोळी टाका, ती जुळलेला क्लोरीनही दाखवते. आता रंग चढला तर तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे अमोनियाशी जुळलेल्या क्लोरीनचा आहे: पाण्यात अमोनिया आहे आणि मुक्त क्लोरीन उरलेलाच नाही. पाणी पातळ करून केलेल्या चाचणीत १० ने गुणल्यावर ५ मिलीग्रॅमच्या वर आकडा आला तर डोसर तपासून होईपर्यंत त्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडू नका.