व्हिसा आहे ना पण?

आज सकाळी इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारीच्या बॅचला आलेल्या एका मुलीने विचारलं, "माझ्या पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर नाहीये, कार्डही मिळालेलं नाही. घराचा एजंट व्हिसा दाखव म्हणतोय. काय दाखवू?" सरळ प्रश्न. येऊन आठवडासुद्धा झाला नाही तिला. त्यावर पहिलं उत्तर आलं, "लिंक वर पिन केली आहे, वाचायचे कष्ट घ्या." दुसरं, "मास्टर्सला आलात ना? एवढंही जमत नसेल तर कठीण आहे." आणि त्या दुसऱ्या उत्तराला नऊ अंगठे. नऊ! त्यातल्या किमान चौघांना पहिल्या आठवड्यात बँकेत खातं उघडायला मी हाताला धरून नेलं होतं.

मी तिथे काही बोलले नाही. तोंडून भलतंच काही गेलं असतं. म्हणून इथे लिहितेय, आणि लांबलचक लिहिणार आहे.

गेल्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. इथे सव्वासात वाजले होते, म्हणजे मुंबईत पावणेबारा. कुकर लावला होता. मुंबई विमानतळावरून फोन आला. मी नोकरी करते त्या विद्यापीठात शिकणारा बार्शीचा एक मुलगा. सुट्टीत घरी गेला होता, तिसऱ्या वर्षासाठी परत येत होता. "मॅडम, काउंटरवर सोडत नाहीयेत. व्हिसा दिसत नाही म्हणतात."

कार्ड त्याच्या पाकिटात होतं. बीआरपी म्हणायचे त्याला, इथे राहायच्या परवानगीचं, आपल्या आधार कार्डाएवढं गुलाबी कार्ड. 2008 पासून हा देश परदेशी माणसांना ते देत होता. मग ठरलं की कार्डं बंद, सगळं ऑनलाइन, ई-व्हिसा. कार्डांवर मुदत छापली होती 31 डिसेंबर 2024, मग तुमचा व्हिसा 2025 पर्यंत असो की 2027 पर्यंत. त्या एका तारखेने किती मुलांची झोप उडवली ते मी पाहिलंय. "मॅडम, माझा व्हिसा डिसेंबरला संपतोय का?" हे मी त्या वर्षी रोज ऐकत होते. मुदत संपलेलं कार्डही प्रवासात चालेल अशी सवलत दिली होती, आधी मार्चअखेरपर्यंत, मग 1 जून 2025 पर्यंत. हा मुलगा जूनच्या अगदी सुरुवातीला दुसरं वर्ष संपवून घरी गेला आणि सप्टेंबरात निघाला. मधल्या काळात पाकिटातलं ते कार्ड नुसतं प्लास्टिक झालं होतं.

बरं, ई-व्हिसा होता. तो ज्यात दिसतो ते सरकारी साइटवरचं खातं होतं. पण जून-जुलैत त्याने नवीन पासपोर्ट काढला होता, कारण जुना शाळेत असताना काढलेला, त्याची मुदत संपत आली होती. ई-व्हिसा चिकटलेला जुन्या नंबराला. नवा नंबर खात्यात जाऊन स्वतः भरावा लागतो, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि जुना पासपोर्ट? घरी, बार्शीला, कपाटात.

मी म्हटलं, खात्यात शिर, निदान शेअर कोड तरी काढ, म्हणजे व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड. तो म्हणाला, "मॅडम, लॉगिन केलं की ओटीपी येतो ना, तो कन्सल्टन्सीच्या फोनवर जातो."

कन्सल्टन्सीच्या फोनवर! मुलाचा व्हिसा, मुलाचा देशात राहायचा हक्क, आणि त्याची किल्ली पुण्यातल्या कुठल्यातरी ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या मोबाइलमध्ये. रात्री पावणेबारा वाजता. पहिल्या वर्षी ज्यांनी ॲडमिशन करून दिली, त्यांनीच नंतर व्हिडिओ कॉलवर हे खातंही "करून दिलं" होतं. कार्डावर फोन ठेवून चिप वाचायची, चेहरा दाखवायचा, दहा मिनिटांचं काम. नंबर आणि ईमेल मात्र स्वतःचा टाकला. मला खरंच वाटतं की त्यांनी मुद्दाम लुबाडायला केलं नसेल. सवय. पण त्या सवयीची किंमत कुणी मोजली?

सांगते कुणी मोजली. मुलाने फोन ठेवला आणि दोन मिनिटांत वडिलांचा आला. खत-बियाण्याचं दुकान आहे त्यांचं. गाडी करून बार्शीहून पोराला सोडायला आले होते. आत जाता येत नाही, म्हणून टर्मिनलच्या काचेबाहेर उभे. मुलाच्या बॅगेत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आईने दोन दिवस जागून केलेलं सगळं. ते मला एवढंच विचारत होते, "ताई, व्हिसा आहे ना पण?"

आहे हो. 2026 च्या शेवटापर्यंत आहे. "मग?"

मग काय सांगणार मी त्यांना? आहे, पण दाखवता येत नाही. आहे, पण तो एका सर्व्हरवर आहे, आणि त्याचं दार ज्या फोनवरच्या आकड्यांनी उघडतं तो फोन पुण्यात कुलुपात आहे. पुन्हा तेच, "पण ताई, आहे ना?"

कन्सल्टन्सीला अकरा वेळा फोन केला मी. इथून. विमान गेलं.

एअरलाइनच्या मुलीवर सुरुवातीला मी फार चिडले होते. आता तेवढी नाही. व्हिसा नसलेला माणूस आणला तर दर माणसामागे 2,000 पौंड दंड बसतो एअरलाइनला. तिच्या स्क्रीनवर होकार येत नव्हता, तिची नोकरी होती. खात्री करायला एअरलाइन्सना चोवीस तास विचारता येतं अशी सोय इथल्या सरकारने केलेली आहे, तिथे तिने प्रयत्न करायला हवा होता असं अजूनही वाटतं. पण मागे लांब रांग असताना कोण करतं?

सगळ्यात जास्त राग मला माझ्याच ऑफिसचा आला होता, हे लिहायला जड जातंय. मी इथल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीच्या टेबलावर बसते. 2024 च्या शरदात आम्ही सगळ्यांना मेल पाठवले. चार. त्यातले दोन मी लिहिलेले. लिंका दिल्या, तारखा ठळक केल्या, आणि काम झालं असं समजलो. त्या मुलाला नंतर विचारलं तर म्हणाला, "मेल आली होती मॅडम. पण सगळं ते लोक बघतात म्हणून सोडून दिली." मी पाठवलेली मेल त्याच्या हातात पडली आणि त्याचं विमान तरीही चुकलं. म्हणून "लिंक वर पिन केली आहे" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

कुणी म्हणेल, मुलं वीस-पंचवीस वर्षांची आहेत, यूपीआय वापरतात, रात्रभर रील्स बघतात, एक खातं उघडता येत नाही? येतं. मान्य. शंभरातल्या बऱ्याच जणांना येतं. आणि कार्ड हरवायचं, आल्याआल्या पावसात पोस्टाच्या रांगेत उभं राहून ते घ्यायचं, ही कटकट गेली हेही मान्य. पण ज्याचं अडतं त्याची चूक एका अक्षराची असते, आणि ती स्वतःला दिसत नाही. ती शेजारी बसलेल्याला दिसते.

त्या रात्री एक वाजेपर्यंत मी त्या बाबांशी बोलत होते, इथल्या एक वाजेपर्यंत. ते मुंबईत नातेवाइकांकडे न जाता गाडीतच बसून होते, तिकडे पहाट झाली. पोरगा मागच्या सीटवर झोपला म्हणाले. मग मध्येच सातबाऱ्याचं काढलं. "आमचा सातबारा पण ऑनलाइनच झालाय ताई. चांगलं आहे, तलाठ्याकडं खेटे नाहीत. पण शिक्क्याचा एक मी पिशवीत ठेवतोच." का, असं मी विचारलं नाही. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरात ती पिशवी आहे. रेशन कार्ड, जन्मदाखला, आजोबांच्या नावाचं खरेदीखत. अडाणीपणा म्हणून कुणी ठेवत नाही ती. कधीतरी कुठल्यातरी खिडकीवर "नोंद सापडत नाही" हे ऐकलेलं असतं म्हणून ठेवतात.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. याच देशात विंडरश पिढीचं काय झालं? 1948 पासून कॅरिबियन बेटांवरून बोलावून आणलेली माणसं, आयुष्यभर इथे राबली, कर भरले, आणि म्हातारपणी त्यांना विचारलं की तुम्ही इथले कशावरून. ते ज्या बोटींतून उतरले त्यांची नोंद असलेली लँडिंग कार्डं सरकारनेच 2010 मध्ये नष्ट केली होती. 2018 ला सगळं बाहेर आलं. तोवर काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. "आमच्याकडे नोंद आहे, तुम्ही काळजी करू नका" हे वाक्य इथे ऐकलं की मला ती माणसं आठवतात. ई-व्हिसा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या हातातला कागद काढून घेता, त्याला नवी वस्तू हातात नीट बसेपर्यंत तुम्ही शेजारी थांबायला नको?

आता तर नव्या मुलांना पासपोर्टवर स्टिकरही नाही. 15 जुलै 2025 पासून बहुतेक विद्यार्थ्यांचं ते बंद झालं. मागे एका मुलीने सांगितलं, व्हिसा झाला म्हणून आजी पासपोर्ट देवापुढे ठेवायला घेऊन बसली, पानं उलटून उलटून बघितली, आणि म्हणाली, "अगं, यात तर काहीच नाही." मुलगी फोनवर दाखवत राहिली. आजीने शेवटी कोऱ्या पासपोर्टलाच हळदकुंकू वाहिलं.

इथे जरा थांबले होते, चहा केला. थोडी शांत झालेय.

तर ज्यांची मुलं इथे आहेत किंवा निघताहेत, त्यांनी आज रात्री मुलांना फोन करून विचारा: ई-व्हिसाच्या खात्यात मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? स्वतःचाच हवा. कन्सल्टंटचा नको, मामाचा नको, तुमचाही नको. इथे आल्यावर भारतातलं सिम बंद पडणार असेल तर इथला नंबर घातल्याशिवाय ते बंद करू नका. पासपोर्ट नवा झाला तर त्याचा नंबर खात्यात त्याच आठवड्यात बदला, तिकीट काढायच्या दिवसावर ठेवू नका, कारण बदल लागायला वेळ जातो. त्या रात्री तो आत शिरला असता तरी लगेच बदल झाला असता असं नाही. पण दाखवायला काहीतरी हातात आलं असतं. जुना पासपोर्ट बरोबर ठेवा. निघायच्या आधी शेअर कोड काढून ठेवा, नऊ अक्षरांचा असतो, 90 दिवस चालतो. घरासाठीचा वेगळा, नोकरीसाठीचा वेगळा, तेव्हा एजंटला कुठला हवा ते विचारून घ्या. आणि आत शिरल्यावर नाव, जन्मतारीख, व्हिसाची शेवटची तारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर आत्ताच कळवा.

इमिग्रेशनचा सल्ला कुणीही उठून देऊ नये, इथे त्याला कायद्याचं बंधन आहे, आणि ते असायलाच हवं. कुठला व्हिसा घ्यावा, नाकारला तर काय करावं, हे मला किंवा ग्रुपवरच्या कुणालाही विचारू नका. पण खातं उघडताना शेजारी बसून "कव्हर काढ, आता फोन इथे ठेव, हलवू नकोस" एवढं म्हणायला कुठलंही लायसन्स लागत नाही. त्या सप्टेंबरानंतर आम्ही लायब्ररीत दर बुधवारी टेबल मांडतो. मेल कमी केले. मुलं येतात, वीस मिनिटं बसतात, जातात. पहिल्याच बुधवारी तीन जणांच्या खात्यात दुसऱ्याचा नंबर निघाला.

बार्शीचा मुलगा चार दिवसांनी आला. सकाळी दहाला कन्सल्टन्सी उघडली, त्यांनी ओटीपी वाचून दाखवला, तोपर्यंत वडिलांनी माणूस पाठवून जुना पासपोर्ट मुंबईला मागवला होता. नव्या तिकिटाचे पैसे कुठून उभे केले ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगा टेबलावर आला तेव्हा चटणीचा डबा घेऊन आला होता. वडिलांनी मुद्दाम पाठवलेला. मी त्याला समोर बसवून नंबर, ईमेल, पासपोर्ट, सगळं बदलून घेतलं, आणि मग त्याने तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावून लॅपटॉपची स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत होते. चष्मा लावून तारीख वाचली त्यांनी, मोठ्याने.

सकाळच्या त्या मुलीला मी वैयक्तिक मेसेज केला आहे. उद्या शनिवारी दुपारी दोनला माझ्या घरी येतेय. आणखी कुणाचं अडलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पत्ता देते. पासपोर्ट, जुना असेल तर तोही, आणि चार्ज केलेला फोन घेऊन या. जेवून येऊ नका.