थंडीनं नाही, माणसांनी हरवलं

आज संध्याकाळी एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय 'नेतृत्व'. वक्ते टाळ्या घेणारे. बोलता बोलता म्हणाले, "हिटलरला रशियानं कुठं हरवलं? थंडीनं हरवलं!" सभागृह हसलं. मला तिथे बसवेना, उठून आलो. अजून डोकं तापलेलं आहे.

भाची वोल्गोग्राडला मेडिकलला होती, तेव्हा जुलैत तिच्याकडे गेलो होतो. वोल्गोग्राड म्हणजे तेव्हाचं स्टालिनग्राड. विमानतळाबाहेर पडलो तर अकोल्याचं ऊन! तिची घरमालकीण सत्तरीच्या पुढची. त्या आजींची आई युद्धात तिथेच होती, शाळकरी वयाची. आजी सांगत होत्या, भाची मला मराठीत सांगत होती. आई जन्मभर बोलायची ती उन्हाळ्याबद्दल. 23 ऑगस्ट 1942 ला जर्मन विमानांनी शहर भाजून काढलं, तेलाच्या टाक्या फुटल्या, पेटतं तेल वोल्गेवर पसरलं. आणि घरात पाणी नाही म्हणून बादली घेऊन जायचं ते त्याच नदीवर.

आता मला सांगा, थंडीच जिंकून देत असेल तर पहिल्या महायुद्धात ती कुठे गेली होती? ऑगस्ट 1914 मध्ये टॅननबर्गला रशियन सेनापती सॅमसोनोव्हचं जवळजवळ अख्खं सैन्य जर्मनांनी घेरून संपवलं. त्यानंतरचे हिवाळे काय रशियाला वगळून आले? शेवटी मार्च 1918 मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला नाक मुठीत धरून जर्मनीशी तह करावा लागला.

आणि थंडी काय फक्त जर्मनांना वाजते? 1941-42 च्या हिवाळ्यात वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कित्येकांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. माणसं घरातल्या घरात गोठून, उपाशी मेली. त्याच हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातले लाखो सोव्हिएत युद्धकैदी उघड्यावर, काटेरी तारांच्या आत मेले. त्यांना कोणाच्या थंडीनं मारलं?

बरं, मान्य. डिसेंबर 1941 मध्ये मॉस्कोसमोर जर्मन गारठले, इंजिनं सुरू होईनात. पण पुरेसे गरम कपडे का नव्हते अंगावर? कारण 22 जूनला घुसताना काही आठवड्यांत सगळं आटपेल अशी घमेंड होती. स्मोलेन्स्कपाशी दोन महिने कोणी अडवून धरलं? दीड हजारांवर कारखाने उपटून, रेल्वेत घालून दूर पूर्वेकडे कोणी नेले? 5 डिसेंबरला सोव्हिएत सेनापती झुकॉव्हनं उलटा हल्ला चढवला तो याच माणसांच्या जिवावर, आणि त्यांनाही तीच थंडी होती.

कुर्स्कची लढाई 1943 च्या जुलैतली. तिचं नाव तरी लोकांना ठाऊक असतं. पण सर्वांत मोठा तडाखा बसला तो जून 1944 मध्ये, बेलारूसमध्ये. 'ऑपरेशन बाग्रातिओन'. आपल्याकडे कोणी बोलतच नाही त्यावर! रोकोसोव्हस्की हा सेनापती, स्टालिनच्याच तुरुंगात मार खाऊन सुटलेला. तो म्हणाला, बोब्रुइस्क शहरावर एकदम दोन बाजूंनी जायचं, त्यातली एक दलदलीतून. स्टालिननं त्याला बाहेर पाठवलं, पुन्हा विचार करून ये म्हणून. परत आला आणि तेच म्हणाला. पुन्हा बाहेर. पुन्हा तेच. शेवटी परवानगी मिळाली. सैनिकांनी चिखलात पाय रुतू नयेत म्हणून फांद्या विणून पायाला बांधायचे पाट केले, रणगाड्यांसाठी ओंडके अंथरून रस्ते केले. इथून कोणी येऊच शकत नाही, अशी जर्मनांची खात्री होती. 3 जुलैला बेलारूसची राजधानी मिन्स्क सुटली. 17 जुलैला सुमारे 57 हजार जर्मन कैद्यांची मॉस्कोतून धिंड निघाली. भर उन्हाळ्यात हो!

आजी आम्हाला मामायेव टेकडीवर घेऊन गेल्या होत्या. वर तलवार उपसलेली ती प्रचंड मूर्ती, खाली गोल दालन. दालनाच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं, मधोमध जमिनीतून वर आलेला दगडी हात आणि त्यात ज्योत. बारीक सूर चालू होते. आजींनी माझ्या दंडाला धरून सांगितलं, हे संगीत शूमानचं. जर्मन संगीतकाराचं! ज्यांनी आईच्या डोळ्यांदेखत शहर जाळलं त्यांच्याच देशाचं, आणि या बाई ते डोळे मिटून ऐकत होत्या. माझा घसा दाटून आला. आत्ता लिहितानाही येतोय.

स्टालिनचं कौतुक मी करणार नाही. 1939 मध्ये हिटलरशी करार त्यानंच केला, स्वतःचे सेनानी त्यानंच मारले, माघार घेणाऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम त्याचाच. आणि नुसते रशियनही नव्हते लढणारे. युक्रेनी, बेलारुसी, कझाक, किती जण. बेलारूसची तर जवळजवळ चौथाई लोकसंख्या गेली. एकूण सुमारे 2 कोटी 70 लाख सोव्हिएत माणसं मेली. सभागृह हसलं ते यांच्यावर.

अमेरिकेचे ट्रक आले नसते तर एवढ्या वेगानं पुढे जाता आलं नसतं, हेही खरं. पण त्या मदतीतला मोठा वाटा इराणमार्गे गेला आणि त्या रस्त्यावर आपलेही जवान गाड्या हाकत होते. सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना सोव्हिएत सरकारनं 1944 मध्ये 'रेड स्टार' पदक दिलं. नेतृत्वावरच्या व्याख्यानात सांगा की हे! कोणाच्या आजोबा-पणजोबांनी इराणच्या त्या घाटांत गाडी चालवली असेल, घरात काही पत्रं, फोटो, नुसत्या ऐकलेल्या गोष्टी असतील, तर कृपा करून खाली लिहा. मी एकेक वाचणार आहे.